टेबलावरची पुस्तकं नेमकी कुणासाठी?

एका झेंड्यापासून सुरुवात करू. २०१९ साली ॲन मॅगिल या अपंग अमेरिकन बाईने ‘डिसॅबिलिटी प्राइड’चा झेंडा तयार केला. काळ्या पार्श्वभूमीवर पाच भडक रंगांचे, विजेसारखे नागमोडी पट्टे. अडथळ्यांना वळसे घालत जगावं लागतं, म्हणून ती वळणं. कल्पना छानच होती. पण फोनवर स्क्रोल करताना ते पट्टे लुकलुकल्यासारखे दिसायचे. काहींची अर्धशिशी त्यामुळे उठायची, काहींना फिट येण्याचा धोका होता. लोकांनी हे सांगितल्यावर २०२१ मध्ये झेंडा बदलला. पट्टे सरळ तिरके झाले आणि रंग मंद झाले. रंगांधळ्यांची अडचण होऊ नये म्हणून लाल आणि हिरवा एकमेकांपासून दूर गेले.

वळणांचं प्रतीक गेलं, पण ज्यांचा झेंडा होता त्यांना तो त्रासाशिवाय बघता आला. माझ्या मते हे उत्तम संपादन आहे. आणि अभिमानाच्या नावाने जे काही मांडलं जातं, ते तपासायला हीच कसोटी लावायला हवी: ज्यांच्यासाठी मांडलंय, त्यांना ते वापरता येतं का?

ही कसोटी सार्वजनिक ग्रंथालयातल्या एका टेबलाला लावून पाहू. २६ जुलै १९९० रोजी अमेरिकेत ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’वर सही झाली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आंदोलक व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवून संसद भवनाच्या पायऱ्या सरपटत चढले होते. म्हणून जुलै हा तिथे अभिमानाचा महिना. या महिन्यात अनेक ग्रंथालयांत एक टेबल सजतं आणि त्यावर निवडक पुस्तकं मांडली जातात. ॲलिस वाँग यांनी संपादित केलेलं ‘डिसॅबिलिटी व्हिजिबिलिटी’ (२०२०) अशा निवडीत शोभून दिसतं. जुडी ह्युमन यांचं आत्मकथनही.

वाँग यांच्या संग्रहाचं बळ त्यातल्या ‘मी’मध्ये आहे. तिथे डॉक्टर, आईवडील किंवा समाजसेवक अपंग माणसाबद्दल बोलत नाहीत. तो माणूस स्वतः बोलतो, चिडतो, विनोद करतो, कधी आपल्याच चळवळीशी भांडतो. पुस्तक कुणाबद्दल आहे, या पहिल्या प्रश्नाचं टेबलाने दिलेलं उत्तर म्हणूनच चांगलं आहे. दुसरा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विचारलाच जात नाही: हे पुस्तक वाचणार कोण? टेबलावरची छापील प्रत अंध वाचकाला उपयोगाची नाही. ज्याच्या हातात पुस्तक धरण्याची ताकद नाही, त्यालाही नाही.

अमेरिकेकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते जुनं आहे. १९३१ च्या कायद्याने ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने अंध वाचकांसाठी देशभर सेवा सुरू केली. १९३४ पासून ध्वनिमुद्रिकांवरची बोलकी पुस्तकं टपालाने घरी जाऊ लागली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची अँड्र्यू हाइस्केल ही अख्खी शाखा ब्रेल आणि बोलक्या पुस्तकांसाठी आहे. स्वतंत्र शाखेत जाणकारी साठत जाते, हा तिचा फायदा. तरीही मला एक गोष्ट खटकते. नेहमीच्या शाखेत दारासमोरचं टेबल अभिमान मिरवतं आणि प्रत्यक्ष वाचायची सोय दुसऱ्या पत्त्यावर असते. ही दोन कामं एकाच जागी झाली, तरच त्या टेबलाला समावेशक म्हणता येईल.

असं टेबल आपल्या गावातल्या वाचनालयात मांडायचं ठरवलं तर? मी पहिलं पुस्तक नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ ठेवेन. ऐन किशोरवयात कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या या बाईंनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. आत्मचरित्राला त्यांनी जिद्द, झेप, भरारी असलं नाव दिलं नाही, रोजच्या वापरातल्या वस्तूचं दिलं. मला ते नाव फार महत्त्वाचं वाटतं. ते वाचकाकडे टाळ्या मागत नाही. खुर्ची आहे, तेव्हा ती कुठे जाते आणि कुठे अडते ते बघा, एवढंच सांगतं.

आपण मात्र अशा पुस्तकांवर ‘प्रेरणादायी’ची चिठ्ठी चिकटवून मोकळे होतो. ऑस्ट्रेलियन विनोदकार स्टेला यंग यांनी २०१४ च्या भाषणात याच सवयीची खिल्ली उडवली होती. जिन्याकडे बघून कितीही गोड हसलं, तरी त्याचा रॅम्प होत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी सुचवलेल्या ‘दिव्यांग’ या शब्दाची अडचण तीच आहे. अपंगांच्या अनेक संघटनांनी तेव्हाच त्याला विरोध केला होता. दिव्यत्व बहाल केलं की लिफ्ट मागणाऱ्याची पंचाईत होते. देवाला कसली आलीय लिफ्टची गरज?

आता दुसरा प्रश्न. इथे माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या मराठी फायली अजूनही फिरत असतात. त्या फाँटमध्ये अक्षरं फक्त दिसायला देवनागरी असतात, आत रोमन अक्षरं साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ‘ई-जे-के-बी-एच’ असतो. डोळ्यांनी वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. स्क्रीन रीडरने ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र निरर्थक अक्षरं पडतात. स्कॅन केलेली पीडीएफ तर नुसता फोटो, तिच्यातून काहीच ऐकू येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर इथे बग वाचकात नाही, फाइलमध्ये आहे.

कायद्याची आडकाठी आहे, अशी सबबही उरलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकांसाठी पुस्तकाचं वाचनसुलभ रूप तयार करायची मुभा मिळाली. याच विषयावरचा माराकेश करार २०१४ मध्ये मंजूर करणारा भारत हा जगातला पहिला देश, अमेरिकेच्याही कितीतरी आधी. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. स्वागत थोरात यांचं ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ पासूनचं. म्हणजे वाट आहे. नवं पुस्तक युनिकोडमध्ये जुळवावं आणि त्याची नीट ई-पब फाइल ठेवावी, एवढी साधी शिस्त प्रकाशकांनी आणि वाचनालयांनी लावून घ्यायची आहे.

एक आक्षेप रास्त आहे. ज्याला रोज वेदना होतात, प्रमाणपत्रासाठी खेटे घालावे लागतात, त्याला अभिमान बाळग म्हणणं क्रूर नाही का? अभिमान म्हणजे वेदनेचं कौतुक असेल, तर नक्कीच क्रूर आहे. पण झेंडा बदला असं सांगणाऱ्यांनी आपलं दुखणं मिरवलं नव्हतं, लपवलंही नव्हतं. ‘हे मला त्रासदायक होतंय, बदला’ असं लाज न बाळगता म्हणण्याचा हक्क त्यांनी वापरला. मला कळलेला अभिमान तो इतकाच. तो बाळगायला बरं व्हावं लागत नाही, हिंमतवान दिसावं लागत नाही.

म्हणून वाचनालयांनी टेबल जरूर मांडावं, पण प्रत्येक पुस्तकापुढे एक छोटी चिठ्ठी ठेवावी: ब्रेलमध्ये आहे का, ऐकता येतं का, स्क्रीन रीडरला वाचता येतं का. सुरुवातीला बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘नाही’ लिहावं लागेल. लिहावं, आणि तेही ठळक अक्षरात. तोवर आपणही एक करून पाहू शकतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘टॉकबॅक’ सुरू करायचं, डोळे मिटायचे आणि फोनमधलं एखादं मराठी पुस्तक उघडायचं. पहिलं पान ऐकू आलं, तर त्याच्या प्रकाशकाला शाबासकीचा मेल पाठवा. नाही आलं, तर नेमकं काय ऐकू आलं ते त्याला लिहून कळवा.