सरकारी वकीलबाईंचे घर

मराठी रंगभूमीला कोर्टाचे वेड जुने आहे. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ने १९६२ साली कोर्ट रंगमंचावर अक्षरशः फिरवले, आणि १९६७ साली तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ने खेळातल्या कोर्टात खरे रक्त काढले. पण या दुसऱ्या नाटकात बाई होती ती आरोपीच्या पिंजऱ्यात. कायद्याची पुस्तके पुरुषाच्या हाती. काळा डगला घालून, सरकारची बाजू मांडत उभी राहिलेली आणि कोर्ट सुटल्यावर आपल्या घरी जाणारी बाई मला मराठीत पहिल्यांदा मनासारखी भेटली ती चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात. व्हेनिसच्या महोत्सवात तो २०१४ साली गाजला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला पुढच्या वर्षी जाहीर झाला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. बरेचसे शाहिरावर आणि व्यवस्थेवर. मला लिहायचे आहे ते गीतांजली कुलकर्णी यांनी उभ्या केलेल्या नूतन या सरकारी वकीलबाईंविषयी.

कथानक थोडक्यात असे. नारायण कांबळे हे वृद्ध लोकशाहीर. वीरा साथीदार यांनी ही भूमिका केली. ते २०२१ मध्ये करोनाने गेले. मुंबईच्या गटारात उतरणारा एक कामगार मरतो, आणि शाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप पोलीस ठेवतात. म्हणजे तेव्हाच्या दंडसंहितेतले कलम ३०६. वास्तविक तो कामगार संरक्षणाच्या कसल्याही साधनाविना खाली उतरत असे. झुरळे बाहेर येतात का, यावरून आत हवा आहे की नाही ते ताडत असे. त्याची विधवा हे कोर्टात अगदी साध्या, कोरड्या आवाजात सांगते, आणि तेवढ्याने खटला संपायला हवा. तो संपत नाही. कारण नूतनबाई आपले काम नेटाने करीत असतात. १८७६ सालचा नाट्यप्रयोगांचा कायदा त्या वाचून दाखवतात, बचावाचे वकील व्होरा हा राणीच्या काळचा कायदा म्हणून हसतात, आणि बाई पुढे वाचतच राहतात. (केंद्राने तो कायदा २०१८ मध्ये मोडीत काढला, चित्रपट त्या आधीचा.)

मग कोर्ट सुटते आणि कॅमेरा बाईंच्या मागे निघतो. लोकलमध्ये शेजारणीशी साडीच्या आणि नवऱ्याच्या मधुमेहाच्या गप्पा. पाळणाघरातून मुलाला घेणे. घरी पोचताच स्वयंपाक. घरची माणसे टीव्हीपुढे, बाई ओट्यापुढे. व्होरा मोटारीने घरी जातात, वाटेत दुकानातून मद्य आणि चीज घेतात, जाझ ऐकत एकटे बसतात. त्यांच्या जेवणासाठी कोणी थांबलेले नसते आणि त्यांनाही कोणासाठी रांधायचे नसते. एकाच खटल्यातले दोन वकील. पण दिवस मावळल्यावर एकाचे काम संपते, दुसरीचे सुरू होते.

आमच्या आचऱ्याच्या घरी मे महिन्यात हा चित्रपट पाहिला. मुंबईची चाकरमानी मंडळी आली होती, ओटीवर आंब्यांची आढी होती. ओट्याचे दृश्य आले तेव्हा काकी म्हणाल्या, “हिका बसाक खंय गावता गो?” बायकांच्या बाजूने सहानुभूतीचा एक सुस्कारा निघाला. पण थोड्याच वेळात बाई सहकाऱ्यांशी बोलता बोलता सहज म्हणून जातात, की तीच तीच तोंडे बघून कंटाळा आला, द्यावीत एकदाची वीस वर्षे आणि संपवावे. ओटीवर कोणी बोलेना. मघाशी ज्या बाईसाठी जीव हळहळला तीच ही.

माझ्या मते चित्रपटाचे मोठेपण याच जागी आहे. घरची ओढाताण दाखवून शिक्षेत सूट मागावी, तशी वकिली दिग्दर्शक नूतनबाईंसाठी करीत नाहीत. उलट, भाजी ज्या निगुतीने चिरली जाते त्याच निगुतीने आरोपपत्र वाचले जाते, हे ते दाखवतात. रविवारी हे कुटुंब बाहेर जेवून नाटकाला जाते. मराठी मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या उत्तर भारतीयाला तिचा बाप घराबाहेर काढतो, आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमते. ते प्रेक्षक आपल्यासारखेच आहेत. नूतनबाईही त्यांतल्याच. सोमवारी त्या ज्या आत्मविश्वासाने उभ्या राहतात, त्याची थोडी शिदोरी रविवारच्या त्या टाळ्यांतही असावी.

आता माझी तक्रार. कोर्टाचे काम या बाईंना आवडते की नाही? त्यांनी वकिली का घेतली? चित्रपट याविषयी मुका आहे. बाईंचे घर आपण ओट्यापर्यंत पाहतो, पण त्यांची महत्त्वाकांक्षा पाहत नाही. नाशकात १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डात कायदा शिकल्या, १८९६ साली पुण्याच्या कोर्टात खुनाच्या खटल्यात बचावाला उभ्या राहिल्या. तरी स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. इतक्या लढ्याने मिळालेल्या डगल्यात एखादीला आनंद वाटत असेलच की! उलटतपासणीत साक्षीदार अडकला की मनात चमकणारी ती ठिणगी नूतनबाईंच्या चेहऱ्यावर मी शोधत होतो. गीतांजली कुलकर्णींच्या तुटक, घाईच्या वाचनात ती क्षणभर दिसते. पण ती अभिनेत्रीची कमाई आहे.

हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. आमच्या भागात गडगा, पाणंद आणि सामाईक हिस्सा यांवरून दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. मालवणच्या कोर्टात, ओरोसच्या जिल्हा न्यायालयात बायका वकिली करतात आणि आता १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कामही कोल्हापुरात चालते. माझी एक भाची कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला फौजदारी खटले चालवायचे आहेत. घरचे म्हणतात, दस्त कर, नोटरी हो, पोलिसांच्या नि गुन्हेगारांच्या नादी लागू नकोस, तुला स्थळ कोण आणणार? चित्रपट संपल्यावर तिने एकच विचारले, “मामा, ती कधी स्वतःहून हसली काय?” मला एकही जागा आठवेना.

दशावतारी नटाविषयी आमच्याकडे म्हणतात, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. नूतनबाईंचे उलटे: दिवसा सरकार, संध्याकाळी पिशव्या. पण दशावतारातल्या राजाला रात्र तरी पुरती मिळते, तो गदा फिरवतो, गातो, रंगतो. ताम्हाण्यांनी आपल्या नायिकेला, किंवा खलनायिकेला म्हणा, तेवढी एक रात्र द्यायला हरकत नव्हती. त्याने शाहिरावरचा अन्याय हलका झाला नसता. अधिक झोंबला असता. कंटाळलेल्या माणसाने केलेला अन्याय आपण व्यवस्थेच्या खाती टाकून मोकळे होतो. आवडीने काम करणाऱ्याचा तसा टाकता येत नाही.

शेवटी जामीन नाकारला जातो, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होते, दिवे मालवतात. कॅमेरा न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो, तेथे ते बाकावर डुलक्या घेतात. नूतनबाई पुन्हा दिसत नाहीत. मुलाची शाळा तेव्हा बंद असणार, म्हणजे दिवसभर तो घरी, आणि ओट्यावर दुपारचीही भाजी आली.