लिपारीचा मासेविक्या

ग्रीक चित्रभांडी म्हटली की आधी अथेन्स आठवते. पण इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकाच्या मध्यापासून दक्षिण इटलीतल्या आणि पुढे सिसिलीतल्या ग्रीक वसाहतींनीही स्वतःच्या भट्ट्या पेटवल्या. त्यांच्या भांड्यांवर देव, नाटकातली पात्रे आणि थडगी पुन्हापुन्हा भेटतात. सिसिलीतल्या चेफालू गावी मांद्रालिस्का संग्रहालयात मात्र एका भांड्यावर चक्क मासळीबाजार आहे!

घंटेच्या घाटाचे हे भांडे इ.स.पूर्व 380-370च्या सुमाराचे. मद्यात पाणी मिसळण्याचे. त्यावर दोनच माणसे. मासेविक्याच्या हातात भला मोठा सुरा, पुढे तीन पायांच्या ठोकळ्यावर टूना. समोर अंगाभोवती वस्त्र लपेटलेले म्हातारे गिऱ्हाईक, हातात नाणे. तुकडा अजून पदरात पडलेला नाही, नाणेही सुटलेले नाही. सौद्याचा हा अडलेला क्षण चित्रकाराने अचूक पकडला आहे. त्या काळच्या ग्रीक सुखान्तिकांत मासेविक्यांची लबाडी हा टिंगलीचा ठरलेला विषय होता. इथेही दोघांचे चेहरे व्यंगचित्राच्या वळणाचे आहेत. मेजवानीत मद्य ओतताना पाहुण्यांना हसू फुटले असणार.

आता चित्रकाराचा हात पाहा. पार्श्वभूमीवर बारीक मातीचा लेप. तो भट्टीत काळा होतो आणि आकृत्या मातीच्या तांबूस रंगात उरतात. आतले तपशील कुंचल्याच्या रेषांनी. पुढे दक्षिण इटलीतल्या अपुलिया प्रांतातल्या मोठ्या भांड्यांवर पांढऱ्या-पिवळ्या रंगांची आणि वेलबुट्टीची जी रेलचेल झाली, ती इथे नाही. मोकळी काळी जागा आणि दोन माणसांतली ओढाताण एवढ्यावर चित्र उभे राहते.

हे भांडे सिसिलीजवळच्या लिपारी बेटावरचे. ते जमवणारा बॅरन एन्रीको पिराइनो दी मांद्रालिस्का (1809-1864) शंखशिंपल्यांचाही नादी होता. मृत्युपत्राने त्याने आपला संग्रह लोकांसाठी ठेवला, म्हणून भांडे आजही सिसिलीतच पाहायला मिळते. सगळ्या भांड्यांचे नशीब असे नसते. चित्रकार अस्तेआसची सही असलेले, पुराणकथेतल्या युरोपा राजकन्येच्या चित्राचे भांडे चोरट्या खोदाईतून निघून अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयात पोचले आणि 2005मध्ये इटलीला परत करावे लागले. अशा खोदाईत भांडे हाती लागते, पण ते ज्यात पुरले होते ते थडगे, सोबतच्या वस्तू आणि मृताची ओळख कायमची पुसली जाते. तेव्हा दक्षिण इटलीची अशी भांडी जमवायची हौस असेल, तर रेषेवर भाळण्याआधी भांडे कुठून निघाले ते विचारा, आणि विकणारा गप्प बसला तर पैसे खिशातच ठेवा.