टेको : मराठी पोस्टरच्या शीर्षकाला चालेल का?

परिषदेसाठी पोस्टर करताना आपण आलेखांवर आठवडे घालवतो आणि फाँट निवडतो शेवटच्या रात्री. शीर्षक लांब, जागा कमी. मग कुणीतरी सुचवतं, "टेको टाक, मावेल." मावतं हे खरं, पण वाचता येतं का? आज तेवढंच तपासू.

टेको हा मनुषी पारिख यांनी इंडियन टाइप फाउंड्रीसाठी केलेला देवनागरी-रोमन फाँट. २०१४ मध्ये आला, मुक्त परवान्याचा आहे, गुगल फाँट्सवर फुकट मिळतो. रेघेची जाडी जवळपास सगळीकडे सारखी, वळणं गोलाऐवजी चौकोनी, अक्षर अरुंद. मोठ्या मथळ्यात तो नीटनेटका आणि ठाम दिसतो, यात शंका नाही.

रोमनमध्ये अरुंद फाँटला एक सोय असते: सगळं कॅपिटलमध्ये टाकायचं. बेबास नॉय या फाँटमध्ये तर स्मॉल अक्षरंच नाहीत. ओळ पट्टीसारखी सरळ येते. देवनागरीत ही सोय नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. रुंदीत वाचवलेली जागा उंचीत परत द्यावी लागते. दोन ओळींचं शीर्षक घट्ट बसवलंत, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला जाऊन भिडतो.

आता समजा, तुम्ही पाण्याचे नमुने जांबे गावातून घेतलेत. शीर्षकात 'जांबे, ता. मुळशी' असं टाइप करा आणि वजन बोल्ड ठेवा. 'ब' आणि 'व' यांत फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. अक्षर अरुंद झालं की पोट आक्रसतं, रेघ जाड झाली की आतलं पांढरं बुजतं. लांबून बघणाऱ्याला जांबे की जांवे, कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन ठिपके वेगळे दिसायला मधे पुरेसं अंतर लागतं ना, अगदी तसंच. नमुना कुठला, हेच चुकीचं वाचलं गेलं तर पुढच्या आलेखांचा काय उपयोग?

दोष फाँटपेक्षा वापराचा जास्त आहे. टेकोच्या पाच वजनांपैकी बोल्ड हे मुळात एक-दोन शब्दांसाठीच आहे. लांब मथळ्याला रेग्युलर, मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्यावं, असं फाउंड्रीच सांगते.

माझं मत विचाराल तर शीर्षक आणि विभागांची नावं टेको मीडियममध्ये ठेवा, ओळींत अंतर सोडा. सारांश, तक्ते, आलेखाच्या अक्षांवरची नावं यांना तो नको. तिथं एक टाइपचा 'मुक्त' घ्या.

आणि छापायला देण्याआधी एक चाचणी करा. ए-झीरो पोस्टर ए-फोर कागदावर छापलं की लांबी-रुंदी बरोबर चौथाई होते. तो कागद अर्ध्या मीटरवरून वाचणं म्हणजे पोस्टर दोन मीटरवरून वाचणं. कागद हातात द्या अशा मित्राच्या, ज्याला तुमचा विषय माहीत नाही. तो अडखळला, तर फाँट बदला किंवा शीर्षक छोटं करा. बहुतेकदा दुसरा उपाय जास्त बरा.