खेड्यांत आलेला डॉक्टर आणि खेड्यांतला वैद्य

खेड्यांतील डॉक्टर हा विषय आपल्या देशी वाङ्मयांत दोन थोर कादंबऱ्यांनीं अमर केला आहे. ताराशंकर बंद्योपाध्यायांची बंगाली ‘आरोग्यनिकेतन’ १९५३ सालीं निघाली, आणि फणीश्वरनाथ रेणूंची हिंदी ‘मैला आंचल’ त्याच्या पुढच्याच सालीं. दोहोंची स्तुति पुष्कळ झाली आहे. ती पुन्हां करण्याचा आमचा उद्देश नाहीं. खेड्यांत डॉक्टर टिकत नाहीं, हें रडगाणें आपण इतकीं वर्षें गात आहों. त्या दुखण्याचें खरें निदान ह्या दोन ग्रंथांपैकीं कोणत्यांत सांपडतें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

रेणूंचा डॉक्टर प्रशांत पाटण्यास शिकतो, परदेशची शिष्यवृत्ति नाकारतो आणि मलेरिया व काळा आजार यांच्या संशोधनासाठीं पूर्णिया जिल्ह्यांतील मेरीगंज गांवीं येऊन राहतो. गांवाला प्रथम त्याची जात हवी असते. डॉक्टर लोकच विहिरींत औषध टाकून पटकी पसरवितात, असें तेथील ज्योतिषीबुवा छातीठोकपणें सांगतात. हे प्रसंग रेणूंनीं ज्या विनोदानें व ज्या मायेनें रंगविले आहेत, त्यांस तोड नाहीं. अखेर दारिद्र्य आणि अज्ञान हेच खरे रोगजंतु, अशा निर्णयास प्रशांत येतो, आणि त्याच मातींत राहावयाचें ठरवितो. वाचकाचा कंठ दाटून येतो, आमचाही आला. परंतु पुस्तक मिटल्यावर एक शंका छळूं लागते. प्रशांत राहिला तो अंतःकरणाच्या थोरवीमुळें व कमलीवरील प्रेमामुळें. आणि आईबापांचा पत्ता नसलेल्या ह्या तरुणास मागें ओढणारें असें घर तरी कोठें होतें? असे तरुण सरकारी खात्यानें मागवावे कोठून?

‘आरोग्यनिकेतना’तील जीवनमशाय ह्याच्या अगदीं उलट. पिढीजात कविराज. डॉक्टर होण्याची त्यांची हौस तारुण्यांतील एका प्रकरणापायीं अपुरी राहिली. मग वडिलांपाशीं आयुर्वेद व रंगलाल डॉक्टरांपाशीं थोडी नवी विद्या ते शिकले. त्यांना गांवांत टिकवावें कसें, हा प्रश्न कोणासच पडत नाहीं. वडाला जागेवर कोण बांधून ठेवतो? पण ताराशंकर लबाडी करीत नाहींत. पाय दुखावलेल्या एका म्हातारीस मशाय मरणाची तयारी करावयास सांगतात; सरकारी इस्पितळांतील तरुण प्रद्योत डॉक्टर संतापून तिच्यावर उपचार करवितो, आणि म्हातारी बरी होते! साऱ्या गांवाची ओळख असली तरी तिनें हाड सांधत नाहीं.

राहणें मशायांचें आणि विद्या प्रद्योताची, असा मनुष्य हवा. तो केवळ कल्पनेंतला नव्हे. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाप्रमाणें हिंदुस्थानांतील ४७,५२४ नोंदलेल्या डॉक्टरांपैकीं २९,८७० हे लायसेन्शिएट होते, म्हणजे पदवी न घेतां मेडिकल स्कुलांतील आटोपशीर अभ्यासक्रम पुरा केलेले. ते सगळेच खेड्यांत बसत असें नव्हे. शहराची ओढ त्यांनाही होतीच. तरी तालुक्याच्या मुलास परवडेल अशी ती एक वाट होती. समितीनें यापुढें पदवीधर डॉक्टर तेवढाच तयार करावा असें ठरविलें, आणि ती वाट बुजली. दर्जा उंचावा हा हेतु निर्मळ होता. पण उंची वाढवितांना दार कोणत्या बाजूस उघडतें, तें पाहिलें गेलें नाहीं. आज पदवीधरास बंधपत्राच्या दोरीनें वर्षभर प्राथमिक केंद्रांत बसवितात. दोरी सुटण्याचा दिवस तो पहिल्या दिवसापासून मोजीत असतो, आणि रोगीही तें ओळखून असतात.

ह्या संबंधांत एका तिसऱ्या पुस्तकाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांचें ‘जामखेड’ हें इंग्रजी पुस्तक १९९४ चें. नगर जिल्ह्यांतील जामखेडास त्यांनीं १९७० सालीं काम आरंभिलें, तेव्हां शिकलेल्या परिचारिका खेड्यांत बसवाव्या असा त्यांचाही बेत होता. त्या राहिनात. मग गांवानेंच आपल्यांतली एक बाई निवडावी अशी रीत पडली. ह्यांतील कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित समाजांतल्या. त्या जामखेडास येऊन शिकत आणि परत आपल्या चुलीपाशीं जात. डॉक्टरची जागा त्यांनीं घेतली नाहीं. बाळंतपण, हगवण, मुलांचें खाणें-पिणें हें त्या पाहत, व अवघड रोगी इस्पितळांत पाठवीत. मागें आरोळे दांपत्य ठाम बसलेलें होतें म्हणूनच हें चाललें, आणि रजनीकांत स्वतः त्याच जिल्ह्यांतले होते, हेंही विसरूं नये.

कादंबरीचें लालित्य ह्या पुस्तकांत नाहीं. मांडणी कोठें कोठें अहवालाच्या वळणाची आहे. परंतु ज्यांच्या घरांत यंदा मुलगा किंवा मुलगी वैद्यकाच्या वर्गांत जात आहे, त्यांनीं तिच्या वा त्याच्या हातीं प्रशांताच्या आधीं हें पुस्तक द्यावें, असें आम्ही सुचवितों.