जुन्या भिडूंचं वय

‘पोकेमॉन रेड’ आणि ‘पोकेमॉन ग्रीन’ हे खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये आले, तेव्हा त्यांत १५१ प्राणी होते. आता त्या कुळाने हजाराचा आकडा ओलांडला आहे. आपल्याकडे ही मंडळी बहुतेकांच्या घरात टीव्हीवरच्या कार्टूनमधून शिरली, म्हणून चारिझार्ड म्हटलं की आपल्याला ज्वाला ओकणारा आवेशी प्राणी दिसतो. खेळात मात्र त्याच्यामागे जीव, हल्ला, बचाव, वेग असे कोरडे आकडे असतात. कथेतला प्रवास करताना ते खुपत नाहीत. लाडक्याची लेव्हल वाढवत नेली की तो कोणालाही लोळवतो. दोन खेळाडू समान लेव्हलवर समोरासमोर आले की जुन्या भिडूंचं वय उघडं पडतं.

काही तर जन्मतःच लिंबूटिंबू होते. ऑनिक्स हा अजस्र दगडी सर्प, पण त्याच्या हल्ल्याचा मूळ आकडा ४५, म्हणजे पहिल्या वळणावर भेटणाऱ्या चिमुकल्या पिजीइतकाच. त्याला वय झालं असं म्हणता येत नाही, कारण त्याला तारुण्यच मिळालं नाही.

वय झालं ते टॉरॉसचं. पहिल्या पिढीच्या स्पर्धात्मक खेळात हा बैल जवळजवळ प्रत्येक टीममध्ये असे. तेव्हा वर्मी घाव बसण्याची शक्यता प्राण्याच्या वेगावर ठरायची, आणि टॉरॉसचा वेग ११० असल्याने त्याचा साधारण पाचातला एक घाव वर्मी बसे. हायपर बीम या वाराने समोरचा गारद झाला तर पुढची पाळी विश्रांतीत घालवावी लागत नसे. ब्लिझर्ड हा वार शंभरात नव्वद वेळा लागायचा. १९९९ साली ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ आले आणि या तिन्ही गोष्टी गेल्या. वर्मी घावाचा वेगाशी संबंध तुटला, हायपर बीमनंतरची विश्रांती सक्तीची झाली, ब्लिझर्डचा नेम सत्तरवर आला. टॉरॉसचे हल्ला, बचाव आणि वेग तेच राहिले. बदललं ते त्याच्या पायाखालचं मैदान, आणि माझ्या मते या मालिकेतलं बहुतेक म्हातारपण असंच आलेलं आहे.

अलाकझामसारख्या सायकिक प्राण्यांचीही सद्दी त्याच वर्षी ओसरली. भुतांचे हल्ले सायकिकवर चालावेत असा बेत होता, पण प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे ते मुळीच लागत नव्हते. ती चूक दुरुस्त झाली आणि वर सायकिक वारांना दाद न देणारे डार्क, स्टील हे नवे प्रकारही आले.

नियम उलट दिशेनेही काम करतात. हिटमॉनचॅन हा बॉक्सर. त्याच्याकडे फायर पंच, आइस पंच, थंडर पंच असे ठोसे होते, पण आग, बर्फ, वीज या प्रकारांचा प्रत्येक वार बाहुबलाऐवजी ‘स्पेशल’ या आकड्यावर तोलला जाई, आणि त्याचा तो आकडा होता ३५. बलदंड मुष्टियोद्ध्याचे ठोसे गुदगुल्या करत. २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये प्रत्येक वाराची जात स्वतंत्रपणे ठरू लागली, तेव्हा दहा वर्षांनी त्याचा ठोसा ठोशासारखा लागला. गॅराडोसलाही अंगच्या ताकदीने मारता येईल असा पाण्याचा वार तेव्हाच मिळाला. मला या मालिकेतली ही सर्वांत न्याय्य दुरुस्ती वाटते: कोणाचेही आकडे न फुगवता तिने चित्र आणि खेळ यांच्यातली फारकत मिटवली.

त्याच खेळाने चारिझार्डचं मात्र कंबरडं मोडलं. स्टेल्थ रॉक नावाचा वार मैदानात टोकदार दगड पेरून ठेवतो. मैदानात उतरताच चारिझार्डचा निम्मा जीव जाई. मोल्ट्रेस आणि आर्टिक्युनो या पूज्य पक्ष्यांचीही तीच गत. दगडांपासून वाचवणारे जाड बूट २०१९ मध्ये आले आणि मोल्ट्रेस पुन्हा मानाने खेळू लागला.

मधल्या काळात कंपनीने दुसरा मार्ग धरला: लोकप्रियांना टॉनिक. २०१३ च्या, लढाईपुरत्या मिळणाऱ्या मेगा रूपांत चारिझार्डला एक सोडून दोन रूपं मिळाली. मेगा कांगास्कानच्या पोटाच्या पिशवीतलं पिल्लू आईसोबत लढायला उतरलं आणि दोन वर्षं स्पर्धा तिच्याभोवती फिरत राहिल्या. मग २०१९ च्या खेळांतून मेगा रूपंच काढून टाकली. उसनं तारुण्य असं एका फटक्यात परत घेतलं जातं.

नवी उत्क्रांती देणं हा त्याहून टिकाऊ उपाय, पण त्यात जुना प्राणी नव्याची पायरी बनून उरतो. प्राइमेपचा ॲनिहिलेप झाला, तो इतका भारी निघाला की स्मॉगन या खेळाडूंच्या समूहाने त्याला आपल्या मुख्य स्तरातून बाहेर काढलं. प्राइमेपला स्वतःला काय मिळालं? म्हणूनच २०१० चा एव्हिओलाइट मला मोठ्या मनाचा वाटतो. पूर्ण न वाढलेल्या प्राण्याच्या हाती तो दिला की त्याचा दोन्ही प्रकारचा बचाव दीडपट होतो. त्याच्या जोरावर चॅन्सी अनेकदा आपल्याच पुढच्या रूपापेक्षा, ब्लिसीपेक्षा, चिवट ठरली.

ड्रॅगोनाइटला पहिल्या खेळात पंख असून उडण्याचा वार शिकता येत नव्हता. पुढे त्याला जीव भरलेला असताना पहिला घाव निम्म्यावर आणणारी कातडी मिळाली, आणि पुढच्या पिढ्यांतही मूळ देहानिशी तो पहिल्या रांगेत उभा राहिला.

पॅरासेक्टकडे मात्र कोणी वळून पाहिलेलं नाही. पाठीवरच्या अळंबीने ज्याच्या शरीराचा ताबा घेतला आहे असा हा किडा, १९९६ मधल्या सर्वांत धाडसी कल्पनांपैकी एक. हमखास झोपवणारा स्पोर त्याच्याकडे पहिल्यापासून आहे, पण वेग ३०, आणि आगीचा वार चौपट लागतो. त्याला मेगा रूप नाही, नवी उत्क्रांती नाही. किडा मेल्यावर अळंबी एकटीच लढत राहते, एवढा एकच गुण त्याला दिला तरी त्याची मूळ कल्पना खेळात उतरेल.