शिधा, सामान आणि शोकांतिका

साहसी प्रवासाची पुस्तके वाचणाऱ्या बहुतेकांना एक सवय असते. तयारीची प्रकरणे ते भराभर उलटतात. पीठ किती घेतले, तंबूचे कापड कसले होते, जोडे कोणी शिवले, हे सारे चाळत नजर पुढे जाते आणि पहिले वादळ येते तिथे थांबते. लेखकांनाही हे ठाऊक असते. म्हणून सामानाची यादी परिशिष्टात जाते. तहान, वाट चुकणे, मरणाच्या दारातून परत येणे यांना मात्र प्रकरणेच्या प्रकरणे मिळतात. वाचकाची ही आवड निरुपद्रवी आहे असे मला पूर्वी वाटत असे. आता वाटत नाही. ज्या प्रवासात काही बिघडले नाही तो लिहिण्याजोगा नव्हे, असे साहित्याने एकदा ठरवले की प्रवासीही नकळत त्याच निकषाने प्रवास करू लागतो.

हा मुद्दा इथे तीन पुस्तकांच्या आधारे तपासायचा आहे. तिन्ही दक्षिण ध्रुवाच्या एकाच काळातील मोहिमांविषयी आहेत. रोआल्ड आमुंडसेनचे ‘द साउथ पोल’ (१९१२), रॉबर्ट फाल्कन स्कॉटच्या रोजनिशीवरून सिद्ध झालेले ‘स्कॉट्स लास्ट एक्स्पिडिशन’ (१९१३) आणि स्कॉटच्या तुकडीतला तरुण सदस्य ॲप्सली चेरी-गॅरार्ड याचे ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ (१९२२). आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचला आणि चारही साथीदारांसह सुखरूप परतला. स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी पोचला. परतीच्या वाटेवर तो आणि त्याचे चार सोबती असे पाचही जण गेले. इतिहास एवढाच आणि तो सर्वपरिचित आहे. वाङ्मयाचा प्रश्न वेगळा आहे. जिंकलेल्याचे पुस्तक माहितीसाठी वाचले जाते आणि हरलेल्याची रोजनिशी काळजाला हात घालते, असे का व्हावे?

सुताराची नजर

आमुंडसेनच्या पुस्तकातला मोठा भाग वस्तूंनी व्यापलेला आहे. १९११ च्या हिवाळ्यात सूर्य मावळलेला असताना त्याची माणसे बर्फाच्या पोटात खोदलेल्या खोल्यांमध्ये काम करत होती. त्या कामाचे वर्णन तो एखाद्या कारखान्याच्या हिशेबनीसासारखा करतो. ब्यालांद नावाचा स्कीपटू स्लेज रंध्याने तासत बसतो आणि त्यांचे वजन जवळजवळ दोन-तृतीयांशाने कमी करतो. जोडे चावतात म्हणून ते उसवून पुन्हा शिवले जातात, पुन्हा चावतात, पुन्हा उसवले जातात. तंबू गडद रंगवले जातात. कारण दिवसभर बर्फाच्या चकाकीने शिणलेल्या डोळ्यांना आत विसावा मिळावा, ऊन शोषले जावे आणि पांढऱ्या पठारावर तंबू लांबून दिसावा. शिध्याच्या पेट्यांना वरून गोल झाकण बसवले आहे. पेटी स्लेजवर बांधलेली असतानाच आतले काढता यावे, संध्याकाळी गारठलेल्या बोटांनी दोर सोडावे लागू नयेत, म्हणून. रॉकेलचे डबे झाळून बंद केले आहेत.

त्याआधी, उन्हाळा संपता संपता, त्याने ८०, ८१ आणि ८२ अक्षांशांवर शिध्याचे साठे करून ठेवले होते. त्या अफाट सपाटीत एवढासा ढीग परत सापडणार कसा? त्याने साठ्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला, म्हणजे वाटेला आडव्या रेषेत, क्रमांक घातलेली निशाणे काही मैलांपर्यंत रोवली. धुक्यात वाट चुकून कोणी बाजूला गेला तरी कुठले तरी निशाण आडवे येईल आणि त्यावरचा आकडा साठा कुठल्या हाताला आहे ते सांगेल. एका खेपेला निशाणे संपली तेव्हा त्यांनी खुणेसाठी सुके मासे बर्फात उभे खोचले.

हे वाचताना जाणवते की आमुंडसेनच्या शैलीचा रूक्षपणा हा लेखनाचा दोष नाही. ती त्याच्या विचाराची पद्धत आहे. प्रत्येक वस्तूमागे एक वाक्य दडलेले आहे: ‘मी चुकलो तर?’ आडवी निशाणे लावणारा माणूस आपण सरळ रेषेत चालू असे गृहीत धरत नाही. स्वतःच्या चुकीला आधीच जागा ठेवणे म्हणजे तयारी, ही त्याची व्याख्या त्याने कुठे मांडलेली नाही, पण पानोपानी आचरलेली आहे. अडचण अशी की, जी आपत्ती आलीच नाही तिचे वर्णन करता येत नाही. निशाण कामी आले की त्या दिवसाची नोंद दोन ओळींत संपते.

रोजनिशीचे बळ

स्कॉटची रोजनिशी नेमकी उलट्या कारणाने थोर आहे. ती शेवट ठाऊक नसताना लिहिलेली आहे आणि आपल्याला शेवट ठाऊक असताना आपण ती वाचतो. या दोन जाणिवांमधला ताण कुठल्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असा आहे. तिची भाषा संयत आहे, माणसांविषयीचे प्रेम खरे आहे. छापताना तिच्यातला काही कठोर मजकूर सौम्य केला किंवा गाळला गेला, तरी तिचे बळ संपादकाने दिलेले नाही. ते स्कॉटचेच आहे.

पण हीच रोजनिशी शिध्याच्या अंगाने वाचली तर वेगळी दिसते. जानेवारी १९१२ च्या आरंभी, ध्रुव दीडशे मैलांवर असताना, स्कॉटने शेवटच्या टप्प्यासाठी चारऐवजी पाच माणसे घेतली. सारे बांधणे चौघांच्या हिशेबाने झालेले होते. तंबू चौघांचा, शिध्याच्या पिशव्या चौघांच्या. पाचव्या माणसाने, बॉवर्सने, आपल्या स्की काही दिवसांपूर्वीच मागे ठेवल्या होत्या. तो बर्फातून पायीच निघाला. पाच जणांचे रांधायला चौघांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, हे स्कॉटच्या थोड्याच दिवसांत लक्षात आले आणि त्याने ते नोंदवलेही. जास्त वेळ म्हणजे जास्त रॉकेल. परतीच्या साठ्यांमध्ये रॉकेलचे डबे अपेक्षेपेक्षा रिकामे निघाले, तेव्हा ही नोंद आपल्याला आठवते. रोजनिशी मात्र तो धागा जोडत नाही. ‘एक टन’ नावाचा मोठा साठा मुळात ८० अक्षांशावर व्हायचा होता. घोड्यांचे हाल पाहून स्कॉटने तो सुमारे ३० मैल अलीकडे केला. त्याचा शेवटचा तंबू त्या साठ्यापासून ११ मैलांवर होता.

जनतेला उद्देशून लिहिलेल्या अखेरच्या पत्रात स्कॉट प्रारंभीच सांगतो की ही आपत्ती सदोष योजनेमुळे नव्हे तर दुर्दैवामुळे ओढवली. आमुंडसेनने आपल्या पुस्तकात उलट आशयाचे म्हटले आहे: ज्याची सिद्धता पुरी असते त्याच्या यशाला लोक नशीब म्हणतात. दोघेही मरण जवळून पाहिलेले, दोघेही प्रामाणिक. तरी एका शतकाच्या वाचकांनी स्कॉटचे वाक्य मनाशी धरले. कारण दुर्दैव ही शोकांतिकेची भाषा आहे, आणि साठा तीस मैल अलीकडे करणे ही हिशेबाची.

समीक्षेचे दोन टोकांचे फेरे

पुढे पारडे फिरले. रोलंड हंटफर्डने १९७९ साली दोघांची तौलनिक चरित्रे एकत्र लिहून स्कॉटला जवळजवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. मग २००१ साली सुसान सॉलोमन या वातावरणशास्त्रज्ञ बाईंनी ‘द कोल्डेस्ट मार्च’मध्ये हवामानाच्या नोंदी तपासून दाखवले की १९१२ चा मार्च त्या भागात नेहमीपेक्षा खरोखरच फार थंड होता. म्हणजे स्कॉटचे ‘दुर्दैव’ निव्वळ सबब नव्हती.

हा वाद बहुधा ‘नायक की नालायक’ अशा वळणावर जातो आणि तिथे तो निष्फळ होतो. सॉलोमन यांचा निष्कर्ष पूर्ण मान्य केला तरी तयारीचा प्रश्न उरतोच. उलट अधिक स्पष्ट होतो. तयारी म्हणजे भविष्य सांगणे नव्हे. मार्च किती थंड असेल हे आमुंडसेनलाही ठाऊक नव्हते. त्याने फक्त शिल्लक जास्त ठेवली होती. वाईट वर्ष येऊ शकते एवढे गृहीत धरून जी शिल्लक ठेवायची, तिलाच तर तयारी म्हणतात.

यादीत नसलेला माणूस

इथवर वाचून मी आमुंडसेनची वकिली करतो आहे असे वाटेल. म्हणून त्याच्या यादीत काय नाही तेही पाहिले पाहिजे. ध्रुवाची शर्यत हातची जाईल या धास्तीने तो ८ सप्टेंबर १९११ रोजी, म्हणजे फार लवकर, निघाला. पारा उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली गेला, कुत्र्यांचे पाय गोठले, माघार घ्यावी लागली. त्या माघारीत आमुंडसेन पुढे निघून गेला आणि मागे पडलेल्या, गारठलेल्या एका सोबत्याला यालमार योहान्सनने तळापर्यंत आणले. दुसऱ्या दिवशी योहान्सनने सर्वांदेखत नेत्याला जाब विचारला. आमुंडसेनने त्याला ध्रुवाच्या तुकडीतून काढून टाकले. १९१३ साली योहान्सनने आत्महत्या केली.

‘द साउथ पोल’मध्ये या भांडणाचा मागमूस जवळजवळ नाही. आणि योहान्सन कोण होता? हिवाळाभर बर्फाखालच्या खोलीत बसून बिस्किटे मोजणारा, शिध्याच्या पेट्या भरणारा माणूस. ज्याच्या हातच्या पेट्यांवर पाच जण ध्रुवावर जाऊन आले, तो त्या गोष्टीतून गळला. कुत्र्यांचे मात्र तसे नाही. ५२ कुत्रे निघाले, ११ परतले, बाकीच्यांतले बरेचसे ठरवून मारून खाल्ले-खाऊ घातले, हे आमुंडसेन लपवत नाही. कारण तो योजनेचाच भाग होता. जे योजनेत होते ते तो लिहितो. योजना मोडली, आणि त्याची किंमत एका माणसाने मोजली, तिथे त्याचा हिशेबनीस गप्प बसतो.

वाचलेल्याचा हिशेब

म्हणून तिसरे पुस्तक मला सर्वांत मोलाचे वाटते. १९११ च्या ऐन हिवाळ्यात चेरी-गॅरार्ड दोन सोबत्यांबरोबर पेंग्विनची अंडी आणायला गेला. ग्रंथाचे नाव त्या प्रवासावरून आहे. त्या मरणप्राय थंडीतही तिघांनी एक प्रयोग चालवला होता: एकाने बिस्किटे जास्त खायची, दुसऱ्याने पेमिकन म्हणजे सुके मांस व चरबी यांचे मिश्रण जास्त, तिसऱ्याने लोणी जास्त, कोणाला काय मानवते ते पाहून पुढच्या प्रवासाचा शिधा ठरवायचा. त्यांचा तंबू वादळात उडाला आणि नशिबाने सापडला. चेरी-गॅरार्ड दोन्ही लिहितो, शिध्याचे प्रमाणही आणि तंबू उडाल्यावरची निराशाही, आणि एकाला दुसऱ्यामागे लपवत नाही.

मार्च १९१२ मध्ये हाच तरुण कुत्र्यांसह ‘एक टन’ साठ्यापाशी सुमारे आठवडाभर स्कॉटची वाट पाहत थांबला आणि परत फिरला. नोव्हेंबरमध्ये तंबू शोधणाऱ्यांतही तो होता. पुढे निघालो असतो तर, हा प्रश्न त्याला आयुष्यभर छळत राहिला. दहा वर्षांनी लिहिताना तो मित्रांवरचे प्रेम तसूभर कमी न करता शिधा अपुरा होता, रॉकेल कमी पडले, याचा हिशेब मांडतो. शोक करणे आणि हिशेब विचारणे या एकाच माणसाच्या दोन कृती असू शकतात, हे या पुस्तकाने दाखवून दिले. साहसी प्रवासाच्या लेखनाला आजही हाच कस लावावा असे मला वाटते.

आपल्याकडचे दोन कप्पे

मराठीत डोंगरभटकंतीचे लेखन विपुल आहे आणि ते दोन कप्प्यांत विभागलेले आहे. एका कप्प्यात आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारखी मार्गदर्शक पुस्तके: वाटा, अंतरे, पाण्याच्या जागा. दुसऱ्या कप्प्यात अनुभवकथने: धुके, थरार, इतिहासाची शिरशिरी. पहिल्यात माणूस फारसा नसतो, दुसऱ्यात तयारी नसते. दिवाळी अंकांना दुसरा कप्पा प्रिय. मीही त्यातलाच.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही सात जण घाटमाथ्यावरच्या एका आडबाजूच्या किल्ल्यावर गेलो होतो. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी. गडावर टाके आहे असे वाचलेले. ते एप्रिलात कसे असते हे कोणी विचारलेले नव्हते. टाक्यात हिरवा गाळ होता. उतरताना वाट चुकली आणि तिन्हीसांजेला कोरड्या घशाने आम्ही एका वाडीत पोचलो. पहिल्याच घरातल्या आजींनी हंडा पुढे केला, “दमानं प्या रं पोरांनो,” म्हणाल्या. आम्ही सात जणांनी तो रिकामा केला. निघताना पाहिले, तर त्यांची सून तोच हंडा घेऊन अंधारात पुन्हा विहिरीकडे निघाली होती. विहीर डोंगराच्या वळणापलीकडे होती.

त्या प्रवासावर मी लेख लिहिला. तहानेला तीन पाने दिली; हंडा ‘गावकऱ्यांचा प्रेमळ पाहुणचार’ या तीन शब्दांत आटोपला. सून आलीच नाही. लेख आवडल्याची पत्रे आली. पाणी इतके कमी का नेले, असे एकाही वाचकाने विचारले नाही. विचारावे असे लेखात काही मी ठेवलेच नव्हते. स्कॉटप्रमाणे मी दुर्दैव लिहिले आणि आमुंडसेनप्रमाणे माणूस गाळला. त्या दोघांचे गुण मात्र माझ्यापाशी नव्हते.

डोंगरात आपल्या तयारीत जे कमी पडते ते कुठे नाहीसे होत नाही. ते दुसरा कोणीतरी भरून काढतो: वाटाड्या, वाडीतली बाई, रात्री शोधायला निघालेली गावातली पोरे. त्यांचा हिशेब कथनात आला तर सामानाची यादी परिशिष्टात टाकावी लागणार नाही. तिच्यातच गोष्ट असते. तो लेख आज पुन्हा लिहायचा झाला तर मी सुरुवात गडाच्या इतिहासाने करणार नाही. आम्ही सात जण होतो, आमच्याजवळ चौदा लिटर पाणी होते आणि महिना एप्रिलचा होता, इथून करीन.