ओबियाची बाई, मालिशवाला महाराज आणि आपण

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्या पिढीला क्रिकेट आठवते. सोबर्स, लॉइड, रिचर्ड्स, आणि १९७१ च्या दौऱ्यात चार कसोटींत ७७४ धावा काढणारा आपला सुनील गावसकर. पण तिथल्या घरात मूल तापाने फणफणले, नवऱ्याचे मन उडाले किंवा धंदा बसला, तर माणसे कोणाच्या दारी जातात, हे मात्र आपल्याला क्रिकेटने सांगितले नाही. ते पुस्तकांनी सांगितले. अशाच तीन पुस्तकांविषयी या लेखात लिहायचे आहे. त्यांतल्या दोन कादंबऱ्या आहेत आणि एक अभ्यासग्रंथ. डँडेनॉन्ग परिसरातल्या मराठी घरांशी या पुस्तकांचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो संबंध बराच जवळचा आहे.

आधी थोडी ओळख. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांनी सोबत काही नेले असेल, तर ते डोक्यातले ज्ञान: झाडपाला, देव, भुते आणि मंत्र. त्यातून जमैका, डॉमिनिका, त्रिनिदाद या बेटांवर ‘ओबिया’ रूढ झाली. ओबिया करणारा पुरुष किंवा बाई औषध देते, ताईत देते, बाधा काढते, आणि मनात आणले तर बाधा घालतेही. आपल्या देवऋषी, भगत, घाडी या मंडळींचे काम आठवावे. गंडादोरा, अंगारा, उतारा, करणी, मूठ मारणे हे सारे शब्द तिथल्या माणसाला समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. हैतीचा ‘व्हूडू’ मात्र याहून निराळा. सुया टोचलेली बाहुली ही सिनेमावाल्यांची करामत. प्रत्यक्षात व्हूडू हा देवदेवता, पुजारी आणि सणवार असलेला पुरता धर्म आहे, आणि २००३ मध्ये हैतीच्या सरकारने त्याला तशी मान्यताही दिली.

गोऱ्या मळेवाल्यांना ओबियाची धास्ती होती, आणि त्याला कारणही होते. १७६० मध्ये जमैकात टॅकी नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली मोठे बंड झाले. ओबियावाल्यांनी बंडखोरांना शपथ दिली, गोळी लागू नये म्हणून अंगाला लावायची पूड दिली. बंड मोडल्यावर त्याच वर्षी ओबियाविरुद्ध कायदा झाला. पुढे १८९८ मध्ये जमैकात ओबियाचा स्वतंत्र कायदाच आला. या कायद्यांचा उगम रोग्याच्या काळजीत नव्हता, राज्यकर्त्यांच्या भीतीत होता. ही गोष्ट ध्यानात ठेवून पहिली कादंबरी वाचायला घ्यावी.

जीन ऱ्हीस ही लेखिका १८९० मध्ये डॉमिनिका बेटावर जन्मली. तिची ‘वाइड सरगासो सी’ ही कादंबरी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये माळ्यावर कोंडलेली एक वेडी बायको आहे, हे अनेकांना आठवत असेल. ऱ्हीसने त्या बायकोचे माहेर, बालपण आणि लग्न लिहिले. तिची अँटोइनेट ही कॅरिबियन बेटावरच्या गोऱ्या घरातली मुलगी. तिला लहानपणापासून सांभाळणारी क्रिस्टोफिन ही मार्टिनिकची काळी बाई, ओबिया जाणणारी म्हणून पंचक्रोशीत दबदबा असलेली. लग्नानंतर इंग्रज नवऱ्याचे मन फिरते, तेव्हा अँटोइनेट क्रिस्टोफिनकडे जाते आणि त्याला वश करण्याचे औषध मागते.

इथे लेखिकेची खरी ताकद दिसते. क्रिस्टोफिन आधी औषध देतच नाही. ती सांगते, सामान बांध, या माणसाला सोड आणि आपल्या पायावर उभी राहा. गोऱ्या लोकांनी या वाटेला जाऊ नये, त्यातून वाईटच होते. मुलगी रडते, गळ घालते, पैसे पुढे करते. क्रिस्टोफिन पैसे नाकारते आणि केवळ मायेपोटी, मनाविरुद्ध ते औषध देते. परिणाम व्हायचा तोच होतो. नवरा आजारी पडतो, आपल्यावर विषप्रयोग झाला असे समजतो आणि बायकोचा कायमचा वैरी होतो. जादू चालली नाही. चालला असता तो क्रिस्टोफिनचा साधा सल्ला, पण तो कोणाला नको होता. आपल्याकडच्या किती आज्या अशाच होत्या! लोक त्यांच्याकडे अंगाऱ्यासाठी येत आणि त्या चार शहाणपणाचे शब्द सांगू पाहत. लोक अंगारा घेऊन जात, शब्द तिथेच राहत.

कादंबरीत ओबियावर सर्वांत जास्त विश्वास कोणाचा आहे? नवऱ्याचा. तो पुस्तकात ओबियाचे प्रकरण शोधून वाचतो, मॅजिस्ट्रेटकडून क्रिस्टोफिनची माहिती मागवतो आणि शेवटी तिला पोलिसांची भीती घालतो. तिच्या तोंडी बिनतोड वाद आहे, त्याच्या खिशात कायदा आहे. ती निघून जाते. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ च्या एका निबंधात या जाण्यावर बोट ठेवले आहे: कादंबरी क्रिस्टोफिनला ऐन मध्यात बाहेर काढते आणि पुन्हा तिच्याकडे वळत नाही. हा आक्षेप मला पटतो. तरीही औषध मागणारी आणि देणारी, दोघींची लाचारी इतक्या सरळपणे मांडणारे दुसरे पुस्तक मी वाचलेले नाही.

दुसरी कादंबरी आपल्याला अधिक जवळची, आणि म्हणून अधिक बोचणारी. व्ही. एस. नायपॉल १९३२ मध्ये त्रिनिदादमध्ये जन्मले, २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. ‘द मिस्टिक मस्योर’ हे त्यांचे १९५७ मधले पहिले पुस्तक. १८४५ पासून उत्तर हिंदुस्थानातले मजूर करारावर त्रिनिदादच्या ऊसमळ्यांत नेले गेले. नायपॉल त्यांच्याच वंशजांपैकी. कादंबरीचा नायक गणेश रामसुमेर हा शाळामास्तरकीत अपयशी ठरलेला तरुण. बापाचा धंदा अंग चोळून देण्याचा, तो हाती घेतो, तोही चालत नाही. हिंदू धर्मावर प्रश्नोत्तरांचे पुस्तक छापतो, ते खपत नाही. मग तो साक्षात्कारी महाराज होतो, आणि ते मात्र धो धो चालते.

हा बदल ज्या प्रसंगाने होतो तो कादंबरीतला सर्वांत चांगला प्रसंग आहे. एका काळ्या कुटुंबातला मुलगा आहे. भावाच्या अपघाती मृत्यूनंतर एक काळा ढग आपला पाठलाग करतो आहे आणि तो आपल्याला नेणार, असे त्याला वाटते. डॉक्टर थकलेले, आई हवालदिल. गणेश आधी मुलाला तुझ्यावर माझा विश्वास आहे असे सांगतो, ढग खरा आहे असे मान्य करतो, मग अंधाऱ्या खोलीत धूर, स्फोट आणि हिंदी मंत्रांचा थाट मांडून तो ढग ‘मारतो’. मुलगा बरा होतो. ओबियाच्या मुलखात, आफ्रिकी घराला हिंदी मंत्राने गुण येतो! भाषा कळण्याची गरज नव्हती. भावाच्या मरणाचे ओझे वाहणाऱ्या त्या पोराचे म्हणणे कोणीतरी हसण्यावारी न नेता ऐकले, याची गरज होती. नायपॉल या प्रसंगी उपहास खाली ठेवतात. प्रयोग ढोंगी होता आणि गुण खरा होता, हे दोन्ही त्यांनी एका दमात लिहिले आहे.

दुर्दैवाने पुढे ते पुन्हा हसायला लागतात. गणेशच्या गावी गर्दी लोटते. तिथवर माणसे आणणाऱ्या टॅक्स्या त्याच्या सासऱ्याच्याच आहेत आणि भाडे अव्वाच्या सव्वा आहे, असे कळल्यावर गणेश तो धंदाच आपल्या हाती घेतो. पुढे तो राजकारणात शिरतो, आणि शेवटी इंग्लंडातल्या स्टेशनवर जी. रॅमसे म्युअर या साहेबी नावाने उतरतो. हे सारे अतिशय मजेदार आहे, पण त्या टॅक्स्यांतून उतरणारे रोगी कोण होते? त्यांतल्या कितींना गुण आला, आणि कितींनी डॉक्टरकडे जायचे दिवस वाया घालवले? त्या मुलानंतर एकही रोगी आपल्याला नीट दिसत नाही. महाराजाची चढती कमान रंगवताना लेखक त्याच्या दारातली रांग विसरला, हा माझा या कादंबरीवरचा मुख्य आक्षेप. इस्माईल मर्चंट यांनी २००१ मध्ये यावर चित्रपट काढला. आसिफ मांडवीचा गणेश आणि ओम पुरीचा बेरकी सासरा रामलोगन पाहण्यासारखे आहेत, पण मूळ पुस्तकाची धार तिथे आणखी बोथट झाली आहे.

ती रांग पाहायची असेल तर तिसऱ्या पुस्तकाकडे वळावे. कॅरन मॅकार्थी ब्राउन या अभ्यासिकेने १९९१ मध्ये ‘मामा लोला’ हा ग्रंथ लिहिला. मामा लोला ही हैतीहून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आलेली व्हूडू पुजारीण. तिच्या घरी येणारी माणसे परदेशात आलेली, भाषेने अडलेली, नोकरीच्या, संसाराच्या, आजाराच्या विवंचनेतली. हैतीच्या समजुतीत दुखणे दोन प्रकारचे: एक देवाने दिलेले, म्हणजे नैसर्गिक, ज्यासाठी डॉक्टरकडे जायचे, दुसरे माणसांमुळे किंवा कोपलेल्या दैवतांमुळे आलेले, ज्यासाठी पुजारणीकडे. हा भेद करणे हेच तिथे मोठे कौशल्य. ब्राउनबाई पुढे स्वतःच मामा लोलाच्या शिष्या झाल्या. त्यामुळे पुस्तकाला घरातली ऊब आली, आणि त्याचमुळे फसलेल्या उपायांचा जाब मागणारा परका आवाज त्यात क्षीण झाला. तरी परदेशी राहणाऱ्या कोणालाही हे पुस्तक आपले वाटेल. गाव सुटले तरी गावाचा देवऋषी सुटत नाही, कारण आपल्या भाषेत आपले दुखणे ऐकणारे दुसरे कोणी जवळ नसते.

आता आपल्याकडे वळू. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे स्वतः डॉक्टर. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोन मारेकऱ्यांना जन्मठेप दिली. हा कायदा ‘देवाधर्मावर घाला’ असल्याची ओरड झाली होती. प्रत्यक्षात यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो हात लावत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, असे इजा करणारे प्रकार तो गुन्हा ठरवतो, आणि त्यांना सहा महिने ते सात वर्षे कैद सांगतो. जमैकाचा कायदा सत्तेला धोका कोणाचा, हे पाहून झाला. महाराष्ट्राचा कायदा इजा कोणाला होते, हे पाहून. मला वाटते, साहित्याचीही हीच कसोटी लावावी. ऱ्हीस तिला उतरते, नायपॉल एका प्रसंगापुरते उतरतात, ब्राउन अर्ध्या उतरतात.

आणि आपण? डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवर पोहे, गोडा मसाला, पूजेचे साहित्य घ्यायला आपण सगळेच जातो. भारतीय वस्ती असलेल्या कुठल्याही परदेशी शहरात फुकट वाटली जाणारी साप्ताहिके चाळली, की एखाद्या ज्योतिषाची जाहिरात दिसतेच: काळी जादू उतरवू, पतीपत्नीत समेट घडवू, व्हिसाचे काम करू, खात्रीने. जाहिरात हसण्यासारखी वाटते, पण कोणीतरी फोन करते म्हणूनच ती दर आठवड्याला छापली जाते. फोन करणारी माणसे मूर्ख नसतात. दिवसभर घरात एकटी असणारी नवी सून असते, बाळंतपणानंतर विनाकारण रडू येणारी आई असते, मुलाकडे आलेले आणि डॉक्टरच्या खर्चाला बिचकणारे आजोबा असतात, कारण व्हिजिटर व्हिसावर मेडिकेअर मिळत नाही.

बाळाची मीठमोहरीने दृष्ट काढावी की नाही, यावर वाद घालण्यात मला रस नाही. त्यात माया आहे आणि कोणाचे काही बिघडत नाही. पण ताप उतरत नसताना अंगारा, किंवा नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला ‘करणी’ सांगून उकळलेले डॉलर, हे गणेशच्या टॅक्सीचे भाडे आहे. ते हसून सोडून देऊ नये. इंग्रजीची अडचण असेल, तर डॉक्टरांना सरकारी दुभाषा फोनवर विनामूल्य मिळतो. टीआयएस नॅशनल ही ती सेवा, क्रमांक १३१ ४५०. हे आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावे. त्याहूनही आधी, घरात कोणी ‘मला काहीतरी झाले आहे’ म्हणाले, तर ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. त्या पोराच्या काळ्या ढगावर पहिला उपाय तोच होता.

ही तिन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत आणि ग्रंथालयात मागणी नोंदवून मिळवता येतील. वेळ कमी असेल तर निदान ऱ्हीसची छोटेखानी कादंबरी वाचावी, आणि शक्य तर घरातल्या मोठ्या मुलांबरोबर वाचावी. आजी दृष्ट का काढते, असे त्यांनी विचारले, तर बोलायला एक चांगले निमित्त मिळेल.